साडेपाच तासांचा झेंडा

वन्संनी मॅरेथॉनला नाव दिलं, हे मला त्यांनी नाही सांगितलं. यादीत वाचलं.

आमच्या नदीच्या दोन्ही काठांवर मिळून चार शहरं आहेत. एकमेकांना इतकी चिकटलेली की कुठलं कुठे संपलं ते बसचा रंग बदलला की समजायचं. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, एका रविवारी सकाळी या चारही शहरांतून बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन निघते. तीन पूल ओलांडायचे आणि शेवटी बंदराच्या शहरात पोचायचं. गेली सहा वर्षं मी तिथे पेसर असते. म्हणजे पाठीला काठीचा झेंडा बांधायचा, त्यावर एक वेळ लिहिलेली असते, आणि बरोबर तेवढ्या वेळात पोचायचं. आधी नाही, नंतर नाही. ज्यांना ती वेळ साधायची असते ते झेंड्यामागे येतात. माझ्या झेंड्यावर साडेपाच तास असं लिहिलेलं असतं. पुढे धावणारे धावून, आंघोळ करून, जेवून झोपलेले असतात तेव्हा आमची वरात पोचते.

हे काम मला जमतं, कारण माझं रोजचं कामही तसलंच. एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मी काचा घासते. पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवतात, मागे मी आणि ओल्या दगडाचं यंत्र. काच फ्रेमपेक्षा किंचित मोठी राहिली तर बसत नाही, किंचित लहान झाली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक एक डोळा मिटून दारात उभं. त्यामुळे हात एकसारखा चालवायची सवय. माझा नवरा म्हणतो, "तू भांडतेससुद्धा एकाच चालीत. माणसाला दमच घेऊ देत नाहीस."

वन्सं म्हणजे या नवऱ्याची थोरली बहीण. आजकाल नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही, पण माझ्या तोंडात बसलंय. पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर त्यांनी चौतीस वर्षं काढली. नळाला पाणी नाही, पाणी आहे तर गढूळ, गढूळ नाही तर शेजाऱ्याला जास्त. सगळं ऐकून घ्यायचं, चार ओळींत लिहून काढायचं आणि "पुढचा!" म्हणायचं. त्या "पुढचा!"चा आवाज रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा. आमच्या घरी आल्या की त्या मला माझ्याच स्वयंपाकघरात डबे कसे लावायचे ते सांगायच्या, आणि मी "हो वन्सं" म्हणून त्या गेल्यावर पुन्हा माझ्या पद्धतीने लावायची. अशी आमची बावीस वर्षं उत्तम गेली.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, त्याच्या चार वर्षं आधी गेले. ते बंदरावर क्रेन चालवायचे. गेले ते घरीच, दुपारी पेपर वाचता वाचता. तेव्हापासून वन्संनी बंदराच्या शहरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांची मामेबहीण तिथे राहते, पण तीच यायची इकडे. कुणी विचारलं तर वन्सं म्हणायच्या, "लांब पडतं." बसने पाऊण तास लागतो.

निवृत्तीनंतर त्या सकाळी माझ्याबरोबर फिरायला यायला लागल्या. आधी बागेपर्यंत, मग पहिल्या पुलापर्यंत. मग एक दिवस, "तू पळ तुझी, मी येते मागून," असं म्हणून मागून पळतच आल्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्या थांबल्या असत्या.

आणि मॅरेथॉनच्या आदल्या आठवड्यात आयोजकांनी माझ्या गटाची यादी पाठवली. अठरा नावं, त्यात अकरावं वन्संचं.

मी फोन केला. "वन्सं, बेचाळीस किलोमीटर आहेत. तुम्ही आजवर जास्तीत जास्त चोवीस पळालाय."

"मग पुढचे अठरा कसे लागतात ते बघायलाच येतेय."

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर तू काळजीचं तोंड करून समजावत बसली असतीस. त्यात माझी एक सकाळ गेली असती," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. अंधुक उजेड, नदीवर धुकं, आणि हजारभर माणसं गारठून जागच्या जागी उड्या मारतायत. माझ्या झेंड्याभोवती अठरा जण जमले. मी नेहमीचं सांगितलं: सुरुवातीला सगळ्यांना वाटेल की ही बाई फारच हळू पळतेय, तेव्हा माझ्यावर चिडायचं, पण पुढे जायचं नाही. शेवटी सगळ्यांना वाटेल की ही फारच जोरात पळतेय, तेव्हाही माझ्यावरच चिडायचं. वन्सं मागे उभ्या राहून हाताची घडी घालून ऐकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझं काही ऐकत होत्या आणि मध्ये बोलत नव्हत्या. मलाच घसा खाकरावा लागला.

पहिले नऊ किलोमीटर आमच्याच शहरातले. बंद दुकानं, पाणी मारलेले फुटपाथ, बाल्कनीत कपबशी घेऊन उभी असलेली माणसं. चष्म्याच्या दुकानावरून गेलो तेव्हा मालक पायजम्यात बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. पहिला पूल ओलांडला आणि रस्ता एकदम गुळगुळीत झाला. दुसरं शहर कारखान्यांचं, त्यांच्या नगरपालिकेकडे डांबर भरपूर.

बाराव्या किलोमीटरला माझ्या लक्षात आलं की गटाची बडबड एकाच ठिकाणी गोळा झालीय. वन्संच्या भोवती.

एक दंतवैद्य होते, उंच, लांब हातांचे. ते पळता पळता सांगत होते की त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नाचाचा वर्ग सुरू झालाय. इकडे पेशंटच्या तोंडात सुई आणि वरून धाडधाड.

"लेखी दिलंत?" वन्संनी विचारलं.

"तोंडी सांगितलं दोनदा."

"तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. तारीख घालून द्या. आणि वर्गाची वेळ काय?"

"संध्याकाळी पाच ते सात."

"मग दात उपटायचे ते सकाळी उपटा. संध्याकाळी नुसते तपासा. पुढचा!"

सगळे हसले. पुढचा होता एक बेकरीवाला, गोल, लालबुंद. त्याची तक्रार सासूबद्दल होती. त्याच्यामागे एक नर्स, तिची तक्रार बेकरीवाल्याच्या श्वासाच्या आवाजाबद्दल. वन्सं एकेक प्रकरण निकालात काढत होत्या. मी पुढे घड्याळ बघत होते. दर किलोमीटरला सात मिनिटं एकोणपन्नास सेकंद. मागे एवढी मजा चाललेली असताना चाल राखणं सोपं जातं, पाय आपोआप पडतात.

दुसऱ्या पुलानंतर तिसरं शहर, विद्यापीठाचं. तिथे अर्ध्या वाटेवर माझा नवरा संत्र्यांच्या फोडी आणि मिठाची पुडी घेऊन उभा होता. स्वतः तो बसच्या मागेसुद्धा पळत नाही. बस गेली तर गेली म्हणतो.

"ताई, पाय कसे आहेत?" त्याने विचारलं.

"दोन्ही आहेत," वन्संनी फोड तोंडात टाकली. "तू बंदरावर येशील ना शेवटी?"

"येतो. चपला आणल्यात तुझ्या."

"ठीक," म्हणून वन्सं निघाल्या. पण बंदर हा शब्द त्यांनी उच्चारला, तो मी किती वर्षांनी ऐकला असेल!

सव्वीसाव्या किलोमीटरपासून बडबड कमी झाली. असं होतंच. गट लांबला, तिघे मागे पडले, एक जण मांडी धरून बाजूला झाला. वन्संच्या पावलांचा आवाज मला ओळखता येत होता, उजवा पाय जरा जास्त आपटतो त्यांचा. एकोणतीसला तो आवाज दोन माणसांच्या मागे गेला. तिसाला चार माणसांच्या.

तिसरा पूल सगळ्यांत लांब. तो चढायला लागलं की मध्यावर आल्याशिवाय पलीकडचं काही दिसत नाही, आणि मध्यावर आलं की बंदराच्या क्रेना एकदम समोर उभ्या राहतात. पुलाच्या मध्यावर तो आवाज बंद झाला. मी वळून बघितलं. वन्सं चालत होत्या. कठड्याला हात लावून.

मी चाल थोडी कमी केली. "वन्सं, दोन मिनिटं चालून घ्या, मग पुन्हा लागा मागे."

"नाही," त्या म्हणाल्या. "इथून पुढे मी माझ्या चालीने येते."

दंतवैद्य मला हळूच म्हणाले, "आपण थांबू या का थोडं त्यांच्यासाठी?" बेकरीवाला तर थांबायच्याच बेतात होता.

मला थांबायचं होतं. एरवी त्यांनी मला कितीही शिकवलेलं असो, त्या माझ्या घरच्या होत्या, आणि त्या पुलावर त्या नुसत्या दमल्या नव्हत्या, हे कळायला मला चष्मा लागत नव्हता. पण माझ्यामागे अजून तेरा माणसं होती, आणि त्यांतली निम्मी कुठल्या ना कुठल्या कारणाने ही वेळ साधायला वर्षभर पळाली होती. झेंडा माझ्या पाठीला होता, पण तो माझा नव्हता.

वन्संनी माझं तोंड बघितलं. मग खिडकीवरच्या त्या जुन्या आवाजात, अख्ख्या पुलाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "पुढचा!"

मी वळले आणि निघाले. पुढचा एक किलोमीटर मला घड्याळ धड दिसत नव्हतं. डोळ्यांचं काम करणाऱ्या बाईची ही तऱ्हा.

शेवटचे अकरा किलोमीटर मी नेहमीसारखे केले. बंदराचं शहर, गोदामं, मग रुंद रस्ता, मग लोकांची गर्दी. नर्सने माझ्या झेंड्याचं टोक धरलं होतं शेवटी शेवटी, मी धरू दिलं. कमानीखालून गेलो तेव्हा घड्याळात पाच तास एकोणतीस मिनिटं सेहेचाळीस सेकंद झाली होती. तेरातले अकरा माझ्याबरोबर होते. बेकरीवाला रडला, त्याच्या सासूने येऊन त्याला मिठी मारली. तिच्यात मला तरी काही खोट दिसली नाही.

पाणी प्यायले, पदक घेतलं, झेंडा टेबलावर ठेवला आणि उलट्या दिशेने चालायला लागले. पाय लाकडाचे झाले होते. समोरून येणाऱ्या प्रत्येकात मी वन्संचा निळा शर्ट शोधत होते. अर्ध्या तासाने समोरून ती पिवळी गाडी आली, शेवटच्या धावपटूच्या मागून हळूहळू येणारी. तिच्या मागे रस्ते मोकळे करतात. आत दोघे जण चादरी गुंडाळून बसले होते. त्यांत वन्सं नव्हत्या.

"निळा शर्ट, अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, कुठे दिसल्या?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"माझ्या मागे कुणी नाही बाई," तो म्हणाला. "दोन्ही बाजू बघतच आलोय."

पुढेही नाहीत, मागेही नाहीत. वन्संचा फोन माझ्या नवऱ्याच्या पिशवीत. मी फुटपाथवरून जमेल तितक्या भराभर निघाले. रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या होत्या. मनात नको ते सगळं येऊन गेलं. दवाखान्याचा नंबर कुणाला विचारावा, नवऱ्याला काय सांगावं इथपर्यंत मी पोचले होते. आणि एका सिग्नलला, रस्त्याच्या पलीकडे, दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभ्या असलेल्या वन्सं दिसल्या. छातीवर नंबर, कमरेवर हात, आणि चेहरा असा की जणू कुणाला तरी धारेवर धरायला निघाल्यात.

दिवा हिरवा झाला. त्या लंगडत आल्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "शिडीने जायचे!"

"कोण?"

"हे! लिफ्ट असताना शिडीने!"

मग चालता चालता सगळं बाहेर पडलं. पूल उतरल्यावर त्या चालत राहिल्या. सदतिसाव्या किलोमीटरच्या पाटीशी बंदराच्या फाटकाकडे जाणारी गल्ली लागते. त्या गल्लीत वळायचं नाही असं त्यांनी पुलावरच ठरवलं होतं. आणि वळल्या. फाटकावर तोच जुना फाटकवाला होता, आता केस पांढरे झालेला. त्याने ओळखलं, आपली खुर्ची दिली, चहा दिला. आणि बोलता बोलता सहज म्हणाला, "साहेबांसारखा माणूस पाहिला नाही. बाकी सगळे क्रेनवर लिफ्टने जातात. हे एकटे शिडीने. एकशे चाळीस पायऱ्या. रोज."

"अगं, किती वर्षं मी त्या माणसाच्या गुडघ्यांना तेल चोळलं!" वन्सं रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली. "रात्री कण्हायचे. मी म्हणायची, कामाचा त्रास आहे, अर्ज करा, खालचं काम मागून घ्या. मी स्वतः अर्ज लिहून दिला होता, दोन प्रतींत! म्हणायचे, देतो, देतो. आणि रोज एकशे चाळीस पायऱ्या!"

"का पण?"

"तेच विचारलं मी. तो म्हणाला, आवडायचं त्यांना."

आम्ही चालत होतो. म्हणजे वन्सं चालत होत्या आणि मी त्यांच्या मागे होते, कारण रागाच्या भरात त्यांच्या पायांत नुकत्याच निघाल्यासारखं बळ आलं होतं. दर सिग्नलला आम्ही शहाण्या माणसांसारख्या थांबायचो आणि तिथे भाऊजींचं आणखी एक प्रकरण निघायचं. एकेचाळीसाव्या किलोमीटरच्या आसपास त्या एकदम हसायला लागल्या, इतक्या की मला त्यांचा दंड धरावा लागला. मग डोळे पुसले, कशाने ओले झाले ते मी विचारलं नाही, आणि पुन्हा चालायला लागल्या.

आम्ही पोचलो तेव्हा वेळ संपून पंचवीस मिनिटं झाली होती. कमानीतली हवा काढून तिची घडी घालत होते. वन्सं जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून नीट पाय टाकून गेल्या. दंतवैद्य तेवढे बाकावर थांबले होते. ते उभे राहिले आणि लांब हातांनी टाळ्या वाजवायला लागले. आणखी कुणी वाजवल्या नाहीत.

टेबलावरचा माणूस पदकांची खोकी बांधत होता. मी पुढे झाले, "अहो, या बेचाळीस किलोमीटर आल्यात..."

"साडेसहा तासांपर्यंतच देतो आम्ही," तो अवघडून म्हणाला. "नियम आहे, बाई."

"बरोबर आहे त्यांचं," वन्सं म्हणाल्या. "त्यांना त्रास देऊ नकोस. मी अर्धा तास चहा पीत बसले होते, त्याला ते काय करणार?" मी माझं पदक गळ्यातून काढायला लागले तसा त्यांनी माझा हात खाली केला. "तुझं तू मिळवलंस. आणि पुलावर थांबली नाहीस ते बरं केलंस. थांबली असतीस तर मी तुला जन्मभर ऐकवलं असतं."

हे कौतुक होतं. बावीस वर्षांत मला ओळखायला यायला लागलंय.

नवरा चपला घेऊन आला. वन्संचे बूट काढायला मला खाली बसावं लागलं, त्यांना वाकता येत नव्हतं. दोन नखं काळी झाली होती. तेवढ्यात वन्संनी भावाला शिडीची सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवली. तो ऐकत होता. जरा जास्तच शांतपणे ऐकत होता.

मी वर नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं."

"काय?" वन्सं म्हणाल्या.

"भाऊजींनी शपथ घातली होती," नवरा पिशवीचे बंद सोडत-बांधत म्हणाला. "म्हणाले, तुझ्या बहिणीला कळलं तर ती थेट बंदराच्या ऑफिसात जाऊन तक्रार देईल."

"दिलीच असती!"

"म्हणून तर."

परतीच्या बसमध्ये वन्सं खिडकीशी बसल्या, मी त्यांच्या शेजारी, नवरा पुढच्या सीटवर. पहिले तीन थांबे त्या त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. चौथ्या थांब्यानंतर त्यांनी त्याच्या खांद्यावर बोट आपटलं.

"का जायचे ते तरी सांगितलं होतं का तुला?"

तो वळला. "शिडीच्या मध्यावर एक फळी आहे, दम घ्यायला. तिथून म्हणे आपल्या शहरातली पाण्याची टाकी दिसते. तुझ्या ऑफिसच्या मागची. लिफ्टच्या वाटेवरून दिसत नाही, मध्ये गोदामाचं छप्पर येतं."

वन्संनी तोंड खिडकीकडे वळवलं. बस तिसऱ्या पुलावर चढली. सकाळचं धुकं कधीच गेलं होतं, नदी स्वच्छ दिसत होती.

"गळकी होती ती टाकी," त्या म्हणाल्या. "कायम ओल असायची भिंतीला." आणि मग, दोन्ही पाय अवघडून पुढे लांब करत, भावाला म्हणाल्या, "उद्या मला जिने उतरता येणार नाहीत. दूध तू आणून दे. आणि परवाही तूच."

"बरं, ताई," तो म्हणाला.